गप्पी व्याली, आता पुढे काय?

सकाळी टाकीचा दिवा लावावा आणि हायड्रिलाच्या काडीमागे दोन काळे ठिपके दिसावेत. वाकून पाहिलं की कळतं, ते डोळे आहेत. डोळ्यांमागे जेमतेम ७ मिलिमीटरचं पारदर्शक अंग. आपण बघेपर्यंत ते झपकन पानाआड जातं. घरी मासे पाळणाऱ्या बहुतेकांना पहिली पिल्लं अशीच भेटतात, काहीही ठरवलेलं नसताना. दुकानातून दोन नर आणि तीन माद्या आणलेल्या असतात. महिना उलटायच्या आत टाकीत तीस-चाळीस नवी तोंडं दिसू लागतात, आणि घरातल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो: यांना वाचवायचं कसं?

गेली बारा वर्षं माझ्याकडे गप्पी आणि मॉली आहेत. पुण्यातलं घर, बाल्कनीला लागून असलेली खोली, तीन टाक्या. सगळ्यात जास्त पिल्लं माझ्या हातून गेली ती पहिल्या दोन वर्षांत. त्यातली फार थोडी मोठ्या माशांनी खाल्ली होती. बाकीची मी वेगळी काढली होती, जपली होती, दिवसातून सहा-सहा वेळा खाऊ घातलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती एकेक करून तळाशी पडलेली सापडायची. ते अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगते. ही पिल्लं जन्मतानाच जगायला तयार असतात. आईच्या तोंडापासून त्यांना वाचवणं हे काही तासांचं काम आहे. खराब पाण्यापासून आणि गर्दीपासून त्यांना महिनाभर वाचवावं लागतं, आणि पिल्लं हातची जातात ती तिथे.

अंडी नाहीत, थेट पिल्लं

बहुतेक मासे अंडी घालतात. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल पिल्लं देतात. शाळेत आपण अंडज आणि जरायुज असे दोन प्रकार शिकलो. हे मासे त्या दोहोंच्या मधे बसतात. अंडं तयार होतं, फलित होतं, पण आईच्या पोटातच राहतं आणि पिल्लू बाहेर यायच्या सुमाराला फुटतं. नराच्या पोटाखाली, शेपटीच्या बाजूला जो पर असतो, म्हणजे गुदपर, तो काडीसारखा लांब आणि टोकदार झालेला असतो. त्याच्या साहाय्यानं नर मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. मादीचा तोच पर त्रिकोणी, छोट्या पंख्यासारखा असतो. नर-मादी ओळखायची ही खूण लक्षात ठेवा, पुढे चौथ्या आठवड्यात ती लागणार आहे.

मादी हे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते. एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने, जवळ एकही नर नसला तरी, ती वेतामागून वेत देऊ शकते. 'आम्ही तर फक्त माद्याच आणल्या होत्या, मग पिल्लं आली कुठून?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. दुकानातली वाढलेली मादी गाभणच आहे असं धरून चालावं. गप्पीला व्यायला साधारण २१ ते ३० दिवस लागतात, मॉलीला त्याहून जास्त. पाणी उबदार असेल तर दिवस कमी, गार असेल तर जास्त. कोवळ्या मादीच्या पहिल्या वेताला पाच-दहाच पिल्लं होतात. भरलेली मादी ३०, ५० किंवा त्याहूनही जास्त पिल्लं देते.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. पोटात असताना गप्पीच्या पिल्लाला लागणारं जवळजवळ सगळं अन्न अंड्याच्या बलकात असतं, आणि तो बलक अंडं फलित होण्याआधीच भरलेला असतो. म्हणजे आज जन्मलेलं पिल्लू धडधाकट निघणार की किरकोळ, हे बऱ्याच अंशी महिनाभरापूर्वीच ठरून गेलेलं असतं, मादी तेव्हा काय खात होती त्यावर. पोट फुगलेलं दिसल्यावर तिचे लाड सुरू केले तर त्याचा उपयोग पुढच्या वेताला होतो, या वेताला फारसा नाही. म्हणून माद्यांचं खाणं बाराही महिने बरं असावं. एकाच डब्यातल्या रंगीत गोळ्या वर्षभर टाकत राहू नये. आठवड्यातून दोनदा आर्टेमिया किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्यावा, आणि मॉलीला उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान. मॉली मूळची शेवाळ खरवडून खाणारी आहे, तिला हिरवं लागतंच.

आणि एका वेताला इतकी पिल्लं का? गप्पी मूळचा व्हेनेझुएला आणि त्रिनिदादकडचा मासा. १८५९ साली विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 'गप्पी' हे नाव मात्र त्रिनिदादहून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला हे मासे पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांच्या आडनावावरून पडलं. त्रिनिदादच्या डोंगरांतल्या ओढ्यांमध्ये धबधब्याखाली गप्पींना खाणारे मोठे मासे असतात, धबधब्याच्या वर ते पोचत नाहीत. खालचे गप्पी लवकर वयात येतात आणि बारीक पण पुष्कळ पिल्लं देतात. वरचे उशिरा वयात येतात, पिल्लं कमी देतात, पण ती आकारानं मोठी असतात. १९७६ साली जॉन एंडलर यांनी खालचे काही गप्पी उचलून, असे शत्रू नसलेल्या वरच्या ओढ्यात सोडले. ११ वर्षांनी त्यांचे वंशज वरच्या गप्पींसारखे वागू लागलेले दिसले. डेव्हिड रेझनिक आणि एंडलर यांचं हे काम १९९० साली प्रसिद्ध झालं, आणि उत्क्रांती माणसाच्या हयातीत मोजता येते याचं उदाहरण म्हणून ते आजही शिकवलं जातं.

मला त्यातून घरच्या टाकीपुरता एक हिशेब मिळाला. वेतातली बहुतेक पिल्लं जगणार नाहीत, हे गृहीत धरूनच निसर्गात तो आकडा पडलेला आहे. आपण शत्रू काढून टाकले आणि आकडा तसाच ठेवला, तर तो काचेच्या चार भिंतींत मावत नाही.

व्यायच्या आधी

मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला एक गडद डाग असतो. दिवस भरत येतात तसा तो मोठा आणि काळा होतो, फिक्या रंगाच्या गप्पीत तर त्यात पिल्लांचे डोळेही दिसतात. पोट नुसतं गोल न राहता पुढून चौकोनी वाटायला लागतं. मादी कळपातून बाजूला होते, हीटरपाशी किंवा झाडात एका जागी थांबते, कधी खाणं टाकते. ही लक्षणं दिसली की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत, पिल्लं येतात. काळ्या मॉलीत डाग दिसत नाही, तिथे फक्त पोटाचा आकार आणि वागणं पाहायचं.

इथे बहुतेकजण दुकानातून प्लॅस्टिकची छोटी पेटी आणतात, जिच्या तळाला फटी असतात. मादीला तिच्यात ठेवायचं, पिल्लं फटीतून खाली पडतात आणि आईच्या तोंडी लागत नाहीत. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की बिस्किटाच्या पुड्याएवढ्या जागेत गाभण मादी घाबरते, आपटते, आणि घाबरलेली मादी पिल्लं अडवून धरते किंवा दिवस भरायच्या आत टाकते. अशा अर्धवट पिल्लांच्या पोटाला बलकाची पिवळी पिशवी लटकलेली दिसते, आणि त्यातली फार थोडी जगतात. जाळीनं तिला पकडायला टाकीभर पाठलाग केला तर तेच होतं. पेटी वापरायचीच असेल तर शेवटच्या काही तासांपुरती वापरा, आणि मादीला जाळीऐवजी वाटीनं, पाण्यासकट उचला.

माझी पसंती २०-२५ लिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या टबाला. टाकीतलंच पाणी, एक स्पंज फिल्टर, आणि अर्धा टब भरेल इतकी वनस्पती: जावा मॉस, हॉर्नवर्ट, हायड्रिला, जे मिळेल ते. वनस्पती अशी दाट हवी की मोठ्या माशाचं अंग तिच्यात शिरू नये आणि पिल्लाचं शिरावं. व्यायच्या आठवडाभर आधी मादी तिथे नेली तर ती रुळते. शिवाय पानांवर सूक्ष्म जीव आणि शेवाळ असतं, ते पिल्लं दिवसभर टिपत राहतात. वरून जाळी किंवा झाकण ठेवा, गप्पी उडी मारतात.

पहिला दिवस

पिल्लं एकेक करून बाहेर येतात, बहुतेक वेळा दुमडलेली. क्षणभर खाली जातात, अंग सरळ करतात आणि पोहायला लागतात. सगळं वेत काही तासांत आटोपतं. एखादी मादी दोन दिवसही घेते.

आई पिल्लं खाते हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो, लहान मुलांना तर रडू येतं. त्यांना खरं ते सांगावं. गप्पीला 'हे माझं' अशी ओळख नसते. तोंडात मावेल असं जे हलतं ते तिच्यासाठी अन्न. ओढ्यात पिल्लू दोन शेपट्या मारून लांब जातं आणि विषय संपतो. टाकीत लांब जायला जागा नाही. उपाशी मादी जास्त खाते, पोट भरलेली कमी. म्हणून व्यायच्या दिवसांत तिला दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्या, आणि वेत संपलं की तिला पुन्हा मोठ्या टाकीत सोडा. त्या टाकीतले नर लगेच तिच्या मागे लागतात. ती दमलेली असते, त्यामुळे एक-दोन दिवस निराळ्या जागी विसावा देता आला तर उत्तम. कायमचा उपाय म्हणजे एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवणं.

पिल्लांचं जन्मल्यावर काही तास काही अडत नाही. पहिल्या दिवशी त्यांना झाकून, शांत, झाडाझुडपात राहू द्या. खाणं संध्याकाळी सुरू केलं तरी चालतं.

काय आणि किती खायला द्यायचं

अंडी घालणाऱ्या माशांची पिल्लं, उदाहरणार्थ फायटरची, इतकी बारीक असतात की त्यांना आधी पाण्यातले सूक्ष्म जीव वाढवून द्यावे लागतात. आपली पिल्लं त्या मानानं मोठी आहेत, पहिल्याच दिवशी नुकत्या फुटलेल्या आर्टेमियाची अळी गिळतात. ही अळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नारिंगी, टुणटुण हलणारी. ती हलते म्हणून पिल्लं तिच्यावर तुटून पडतात. कोरड्या भुकटीकडे तितक्या उत्साहानं बघत नाहीत. आर्टेमियावर वाढलेलं वेत आणि फक्त भुकटीवर वाढलेलं वेत महिन्याच्या शेवटी शेजारी शेजारी ठेवलं तर फरक सांगावा लागत नाही.

आर्टेमिया घरी फोडणं अवघड नाही. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. त्यात पाणी आणि लिटरला साधारण २५ ग्रॅम जाडं मीठ. वरून आर्टेमियाची अंडी, अर्धा चहाचा चमचाही पुष्कळ. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडायची, म्हणजे अंडी सतत ढवळली जातील. वर दिवा, आणि पाणी २६ ते २८ अंश. २४ ते ३६ तासांत पाणी नारिंगी होतं. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. रिकामी टरफलं वर तरंगतात, अळ्या खाली आणि उजेडाकडे गोळा होतात. खालच्या अळ्या तेवढ्या नळीनं काढायच्या, मलमलीच्या फडक्यावर गाळायच्या, गोड्या पाण्यात धुवायच्या आणि पिल्लांना द्यायच्या. टरफलं जाऊ देऊ नका, ती पिल्लांना पचत नाहीत. फुटल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत अळीत बलक भरपूर असतो, नंतर ती स्वतःच तो वापरून टाकते, त्यामुळे शिळ्या अळ्यांत दम राहत नाही. गोड्या पाण्यात अळी काही तासच जगते. म्हणून एका वेळेला पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकीच द्यायची. अंड्यांचा डबा घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दमट झालेली अंडी फुटत नाहीत.

रोज हे जमणार नाही हे मला माहीत आहे. मोठ्या माशांचंच चांगल्या प्रतीचं खाद्य खलबत्त्यात पिठासारखं वाटा, बोटाला लागलेली भुकटी पाण्यावर झटका, एवढं एका वेळचं जेवण. मायक्रोवर्म, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, मिळाले तर ते ओटच्या लापशीवर डबीत वाढवता येतात आणि रोज काडीनं खरवडून देता येतात. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात धरून पाण्यात पिळायची पद्धत जुनी आहे. पिल्लं तो खातात, वाढतातही, पण बलक इतक्या लवकर पाणी नासवतो की नवख्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि डासांच्या अळ्या पिल्लांसाठी म्हणून बादलीत वाढवू नका. उन्हाळ्यात आठवड्याभरात त्यांचे डास होतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातलाच.

किती वेळा? पहिले दोन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा, मग तीन वेळा. पिल्लाचं पोट बारीक असतं आणि वाढ झपाट्याची, म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. खाल्लेलं पिल्लू बाजूनं पाहिलं की पोट नारिंगी आणि गोल दिसतं. तो गोल दिसला की हात आवरायचा. नोकरीमुळे दिवसात दोनदाच जमत असेल तर दोनदाच द्या. दुपारचं म्हणून सकाळीच दुप्पट टाकणं, ही चूक मी वर्षभर करत होते.

पाणी: खरी परीक्षा इथे

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. जुन्या, जमलेल्या टाकीत स्पंजवर, वाळूवर, काचेवर जिवाणूंचा थर असतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य, तो पाणी बदलून काढता येतो. जिवाणूंचा हा थर नव्या भांड्यात तयार व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो.

आता पाहा आपण काय करतो. पिल्लं झाली म्हणून कौतुकानं नवा टब आणतो, स्वच्छ धुतो, नवा फिल्टर लावतो, आणि चाळीस पिल्लांना दिवसातून पाच वेळा प्रथिनयुक्त खाणं घालतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्यात अमोनिया चढत असतो. पिल्लं पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, शेपटी मिटून सुईसारखी होते, आणि एका सकाळी अर्धी गेलेली असतात. 'कसलातरी रोग आला' असं म्हणून औषध टाकलं जातं, आणि कित्येक औषधांनी उरलेसुरले जिवाणूही मरतात.

यावर उपाय अगदी साधा आणि जवळजवळ फुकट आहे. मोठ्या टाकीत एक जास्तीचा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा. पिल्लं झाली की तोच उचलून टबात लावा. त्याच्या छिद्रांत महिनोन्‌महिन्यांचे जिवाणू आहेत, पिल्लांच्या टबाला पहिल्याच तासापासून जुन्या टाकीचं बळ मिळतं. तो स्पंज नळाखाली कधी धुवू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. स्पंज फिल्टरमध्ये पिल्लू ओढलं जात नाही हा आणखी एक फायदा. डब्याचे ताकदीचे फिल्टर पिल्लांना सरळ आत घेतात.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. गप्पी-मॉलीला क्षार असलेलं, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं, सामू ७ ते ८ च्या दरम्यानचा, त्यामुळे आपल्याकडचं बोअरचं जड पाणी त्यांना चांगलंच. पण त्याच पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. सारखीच घाण, पण विष जवळजवळ दहापट. अमोनिया मोजायचा संच एकदा घेऊन ठेवा. आकडा शून्याच्या वर दिसला की औषध शोधत बसू नका, पाणी बदला आणि एक दिवस उपास घाला.

धरणाचं पाणी मऊ येत असेल तर उलट अडचण होते. मॉलीची पिल्लं एका जागी थरथरायला लागतात, पुढे सरकत नाहीत. अशा वेळी फिल्टरजवळ शिंपल्यांचा धुतलेला चुरा कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, त्यातले क्षार हळूहळू पाण्यात उतरतात.

पाणी रोज थोडं बदलणं मला सगळ्यात मानवलंय: २० लिटरच्या टबातून रोज दोन-तीन लिटर. एअर पंपाची बारीक नळी घ्या, तिनं तळाची घाण ओढा आणि पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. पांढऱ्या बादलीत चुकून आलेलं पिल्लू लगेच दिसतं. बादली ओतण्याआधी पाच मिनिटं थांबून पाहायचं, हा माझ्या घरी नियम आहे. नव्या पाण्याचं तापमान जुन्याइतकंच हवं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यावर बरंचसं उडून जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. त्यामुळे दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन लिटरच्या हिशेबानं टाकलेलं बरं.

तापमान २४ ते २८ अंश. मुंबई-कोकणात वर्षातला बहुतेक काळ हीटरची गरज पडत नाही. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या खोलीतलं पाणी विशीच्या खाली जातं. मोठे गप्पी ते सोसतात, पिल्लांची वाढ मात्र थांबते आणि ती आजारी पडतात. लिटरला एक वॅट या हिशेबानं छोटा हीटर पुरतो. वीज गेली तर पहिला नियम, खायला घालू नका. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी वाटीनं पाणी उचलून वरून परत ओता, तेवढ्यानं प्राणवायू मिसळतो.

चौथा आठवडा आणि पुढे

महिन्याचं पिल्लू सेंटिमीटरच्या वर गेलेलं असतं. आता भिंग घेऊन गुदपर पाहायला लागा. ज्यांचा पर टोकदार होत चाललाय ते नर, त्यांना ताबडतोब वेगळं करा. अंगावर रंग यायची वाट पाहिली तर उशीर होतो, तोवर बहिणी गाभण राहायला सुरुवात झालेली असते. पुढे जोड्या लावताना सरळ कण्याचे, भरभर खाणारे मासे निवडा, वाकड्या पाठीचे पैदाशीला ठेवू नका, आणि दोन-तीन पिढ्यांनी बाहेरचा नर आणा. एकाच वेतात सतत जोड्या लागत गेल्या की मासे बारीक होतात, रोगाला पटकन बळी पडतात. प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचा आपसात संकर होतो, वेगवेगळ्या जातींच्या मॉलींचाही होतो. रंग शुद्ध ठेवायचा असेल तर त्या एका टाकीत नकोत.

आता आकड्याबद्दल. ४० लिटरच्या टाकीत पहिला महिना तीस-चाळीस पिल्लं निभतात. दोन महिन्यांची झाल्यावर तिथे पंधराच शोभतात. तीन माद्या महिन्याला शंभर पिल्लं सहज देतात. त्यामुळे प्रत्येक वेत वाचवायचं नाही, हा निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो पिल्लं झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेला बरा. मी वर्षाकाठी दोन-तीन वेतंच वेगळी काढते. बाकीची मोठ्या टाकीतच होऊ देते. दाट झाडीत त्यातली चार-पाच स्वतःच्या हिमतीवर वाढतात, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात काटक निघतात. ज्यांना हे पाहवत नाही त्यांनी फक्त नर पाळावेत. तेही सुंदर दिसतात, आणि संख्येचा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. जास्तीची पिल्लं तळ्यात, ओढ्यात, नदीत सोडू नका. गावोगावी आरोग्य विभाग डास आवरण्यासाठी गप्पी सोडतो, त्यामुळे 'सोडले तर पुण्यच' असं अनेकांना वाटतं. पण कुठल्या पाण्यात सोडायचे हे ठरवणं त्यांचं काम. आपण टेकडीमागच्या झऱ्यात सोडलेला गप्पी तिथल्या देशी माशांची अंडी आणि पिल्लं खातो, त्यांचं अन्न आणि जागा घेतो, आणि एकदा रुजला की परत काढता येत नाही. आपल्या ओढ्यांत दांडवणासारखे चपळ, बारीक मासे आहेत, त्यांचंही घर तेच आहे.

जवळचे दुकानदार निरोगी, दोन महिन्यांचे गप्पी बहुधा घेतात, कधी बदल्यात खाद्य देतात. सोसायटीतल्या मुलांना दिले तर त्याहून आनंद. देण्याच्या आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. नव्या घरी पिशवी अर्धा तास त्यांच्या टाकीत तरंगू द्यायची, मग थोडं थोडं पाणी मिसळत सोडायचं. मी पिशवीबरोबर माझ्या जुन्या स्पंजचा एक तुकडाही ओल्या डबीत घालून देते, आणि तो त्यांच्या फिल्टरमध्ये बसवल्याशिवाय मासे सोडू नका, असं दोनदा बजावते.